पुण्याला शंभरदा गेले, पुणं पाहिलं ते आत्ता

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुम्ही पुणं पाहिलंय का?

आमच्या दौंडात कुणाला असं विचारलं तर ती हसेल. म्हणेल, बाई, हे काय विचारणं झालं? दौंडहून पुणं पंचाहत्तर किलोमीटरवर. सकाळी शटलने जाऊन संध्याकाळी परत येणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. मी स्वतः लग्न होऊन दौंडला आले त्याला अडतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पुण्याच्या किती खेपा झाल्या असतील? शंभराच्या वर खास भरतील.

पण त्या खेपा कशाच्या, ते ऐका. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या. सासूबाईंच्या शेवटच्या आजारातल्या. थोरल्याच्या कॉलेज प्रवेशाच्या, धाकटीच्या बस्त्याच्या. पुणं म्हणजे माझ्या लेखी दवाखान्याचा बाक, फी भरायची रांग आणि लक्ष्मी रोडवरची साड्यांची दोन दुकानं. खायचं म्हणाल तर घरची दशमी-चटणी. ती बाकावर बसून खायची आणि घड्याळाकडे बघत स्टेशन गाठायचं. शनिवारवाडा मी पाहिलाय, पण रिक्षातून, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन.

आमच्या वन्सं शिरूरला असतात. जुनी माणसं त्या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. त्यांना रेल्वे नाही, आम्हाला रेल्वेवाचून दुसरं काही नाही. त्यांचं पुणं नगर रोडने यायचं. रांजणगावच्या कारखान्यांच्या बसगाड्या आणि वाघोलीची कोंडी यांतून वाट काढत. बाकी त्यांच्या खेपा आणि माझ्या खेपा एकाच चुलीवरच्या.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला वन्सं आमच्याकडे आल्या होत्या. दुपारी आम्ही दोघी चकल्यांचे डबे भरत बसलो होतो. वन्सं एकदम म्हणाल्या, "अगं, आपण दोघी पुण्याला जाऊ या का? कुणाचं काही काम नसताना."

मी चकली हातात धरून तशीच राहिले.

रात्री ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी चष्मा काढला.

"कुणाचं लग्न आहे?"

"कुणाचंच नाही."

"मग काय, डॉक्टरांना दाखवायचंय?"

"नाही हो."

"मग कशाला?"

"खायला आणि बघायला," मी म्हटलं. बोलताना माझं मलाच हसू आलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, खायला आणि बघायला पुण्याला निघाली!

पैशांचा प्रश्न नव्हता. माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती. प्रश्न उठला तो मुक्कामाचा. कोथरूडला ह्यांची पुतणी आहे, गुणाची पोर. सगळे म्हणाले, तिच्याकडे उतरा. पण वन्संनी आधीच ठरवून टाकलं होतं. "तिच्याकडे उतरलो की संध्याकाळी आपण तिच्या ओट्याशी पोळ्या लाटत असू. ती नको म्हणेल आणि आपण लाटू. मला माहीत आहे ना." म्हणून सदाशिव पेठेत एका साध्या लॉजात खोली सांगितली. तीही ह्यांच्याकडूनच, फोन करून. "दोन बायका एकट्या?" असं ह्यांनी दोनदा विचारलं. वन्सं म्हणाल्या, "दोघी आहोत, तर एकट्या कशा?"

तुम्ही निघालात तर एवढं करा. एकच पिशवी घ्या, आणि तिच्यात दुसरी रिकामी घडी करून ठेवा. पायात जुनी, सवयीची चप्पल. पाण्याची बाटली. आणि डबा घेऊ नका. हो, मुद्दाम सांगते, डबा घेऊ नका. डबा घेतलात की तो संपवायची काळजी लागते आणि पुण्यातलं खाणं पुण्यातच राहतं.

शनिवारी पहाटेच्या गाडीने मी निघाले. खिडकीची जागा मिळाली. पाटस, कडेठाण, केडगाव... ही स्टेशनं मला पाठ आहेत, पण त्या दिवशी केडगाव आल्यावर मी मान वळवून बाहेर पाहिलं. पंडिता रमाबाईंचं मुक्ति मिशन इथलंच. टाकलेल्या, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या बायकापोरींना त्या माउलीने इथे आणून शिकवलं, हाताला काम दिलं. १९२२ साली त्या इथेच वारल्या. माझ्या दौंड तालुक्यातलं हे ठिकाण आणि शंभर वेळा त्याच्यासमोरून जाऊन मी कधी उतरले नाही. आता एकदा जायचं ठरवलंय.

पुणे स्टेशनवर उतरले आणि जिना चढून मेट्रोच्या फलाटावर गेले. वन्सं शिरूरहून एसटीने निघाल्या होत्या. २०२३ सालापासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय, त्याचं त्यांना भारी अप्रूप. वाघोलीला उतरून त्यांनी पीएमपीने रामवाडी गाठली. तिथवर मेट्रो २०२४ च्या मार्चमध्ये आली. सिव्हिल कोर्ट स्टेशनवर आम्ही भेटायचं ठरवलं होतं. हे स्टेशन म्हणजे एक नवलच आहे. एक गाडी वरून, पुलावरून जाते आणि दुसरी जमिनीच्या पोटातून, तेहेतीस मीटर खोल. वन्सं वरच्या फलाटावर पदर खोचून उभ्या होत्या. सरकत्या जिन्यापाशी त्यांनी माझा हात घट्ट धरला. एक जिना, मग दुसरा, मग तिसरा. "पाताळात चाललोय की काय ग?" त्या म्हणाल्या. खालची गाडी मुठेच्या खालून जाते. डोक्यावर नदी आहे म्हटल्यावर वन्संनी वर पाहून नमस्कार केला. समोर बसलेली कॉलेजची मुलगी हसली, आम्हीही हसलो.

मंडई स्टेशनला उतरून वर आलो ते थेट महात्मा फुले मंडईशीच. हे स्टेशन २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालं. आठ कोनांची ती दगडी इमारत, मधोमध उंच मनोरा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात बांधली आणि गव्हर्नर लॉर्ड रे याचं नाव दिलं. गंमत अशी, की नगरपालिकेचे सभासद असताना जोतिबा फुल्यांनी या बाजाराच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा लोकांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. आणि पुढे नाव लागलं ते त्यांचंच.

आम्ही आत शिरलो. दोघींच्याही सवयीने हात आधी भाजीकडे गेले. वन्संनी कांदा हातात घेऊन दाबून पाहिला. "आमच्याकडचाच असेल," त्या म्हणाल्या, "भाव मात्र पुण्याचा." मी गवारीची शेंग मोडून पाहिली. भाजीवालीने विचारलं, किती देऊ? तेव्हा कुठे भान आलं, की आज घरी न्यायची भाजीच नाहीये. रात्रीचं जेवण कुणाला रांधायचं नाहीये. काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी जरा हलकं वाटलं आणि जरा चुकल्यासारखंही.

तुळशीबागेत तुम्ही गेला असाल. टिकल्या, रुखवताचं सामान, बोळकी, पोळपाट. मीही गेले होते, मुलीच्या लग्नात. पण तुळशीबागेत देऊळ आहे हे किती जणींनी पाहिलंय? दुकानांच्या गर्दीतून एका कमानीतून आत गेलं की एकदम मोकळं अंगण लागतं आणि समोर रामाचं देऊळ. पेशवाईत नारो अप्पाजी तुळशीबागवाल्यांनी बांधलेलं. सभामंडपाचे लाकडी खांब आणि वरचं उंच शिखर. आम्ही पायरीवर टेकलो. बाहेर बायका घासाघीस करत होत्या आणि आत एक आजोबा पोथी वाचत होते. अर्धा तास बसलो असू. पुण्यात अर्धा तास नुसतं बसणं हे माझं पहिलंच.

मग मिसळ. नारायण पेठेतल्या बेडेकरांच्या मिसळीचं नाव ऐकून होतो. रांग होती. बायका-मुलं, म्हातारे, सगळे मुकाट उभे. आम्हीही राहिलो. आता खरं सांगते, आमच्या बाजूची मिसळ म्हणजे तर्री लाल, नाकातून पाणी. ही तशी नाही. हिच्यात पोहे आहेत, रस्सा बेताचा तिखट आणि मागून गुळाचा गोडवा. सोबत पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस. पहिल्या घासाला वन्संचं तोंड बघण्यासारखं झालं. "ही मिसळ आहे की आमटी?" पण दुसऱ्यांदा रस्सा त्यांनीच मागितला. नंतर म्हणाल्या, तिखट नसलं की चव कळते. हे त्यांनी शिरूरला जाऊन कुणाला सांगितलं तर मला कळवा.

आता ज्या ठिकाणासाठी हे सगळं लिहायला बसले, तिथे येते. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय.

दिनकर गंगाधर केळकर हे गृहस्थ १८९६ साली जन्मले. घरचा धंदा चष्म्यांचा. स्वतः 'अज्ञातवासी' या नावाने कविता करत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचं वेड लागलं. तलवारी-ढालींचं नव्हे, ते पुष्कळांना असतं. ह्यांना वेड दिव्यांचं, दौतींचं, फण्यांचं, कुलपांचं, स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं. गावोगाव हिंडून त्यांनी हे गोळा केलं. त्यांचा एकुलता मुलगा राजा वयाच्या सातव्या वर्षी गेला. संग्रहाला नाव दिलं ते त्या लेकराचं. वस्तू वीस हजारांवर गेल्या. एका वेळी मांडता येतात त्या त्यांतल्या थोड्याच. पुढे हा सगळा ठेवा त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. १९९० साली ते गेले.

म्युझियम म्हटलं की आपल्याला वाटतं, राजेरजवाड्यांचं काहीतरी असेल, आपल्याला काय कळणार? अहो, इथे उलटं होतं. इथे आपल्यालाच सगळं कळतं! शेजारी एक शिकलेलं जोडपं पाटी वाचून मुलाला सांगत होतं आणि वन्सं पाटी न वाचता सांगत होत्या. हा शेवयांचा सोऱ्या. ही मोदपात्राची चाळण. हे पंचपाळं, हळदी-कुंकवाचं. ते पोरगं आईबापांना सोडून वन्संच्या मागे फिरायला लागलं. एका दिव्यापाशी त्याने विचारलं, "आजी, हा कसा पेटवायचा?" वन्संनी काचेबाहेरूनच वात वळून दाखवली.

इतक्या तऱ्हांचे दिवे मी जन्मात पाहिले नव्हते. लामणदिवे, समया, हत्तीच्या पाठीवरचे, मोराच्या पिसाऱ्यातले. दिवा लावणारी बाई तर प्रत्येक घरात होती. तिच्या हातातली वस्तू इतकी देखणी करावी असं त्या कासाराला वाटलं, याचंच मला कौतुक वाटलं. आपल्या हातातला लायटर बघा.

आणि मग अडकित्ते. एक अख्खं दालन म्हणावं इतके. पितळेचे, लोखंडाचे, नक्षीचे, पाखरांच्या आकाराचे. वन्सं एका अडकित्त्यापुढे थांबल्या.

"आईचा असाच होता ग. राघूचा. दुपारी जेवणं झाली की सुपारी कातरून पहिलं खांड माझ्या हातावर ठेवायची." थोडं थांबून म्हणाल्या, "आहे ना तुझ्याकडे?"

मैत्रिणींनो, माझ्या पोटात खड्डा पडला. सासूबाई १९९६ साली गेल्या. त्या वर्षीच्या दिवाळीत मी माळा साफ केला. राघूचा अडकित्ता, पानाचा डबा, पितळी सोऱ्या आणि दोन जड परातीही मोडीत घातल्या. आलेल्या पैशांत स्टीलचे डबे घेतले, एकाच्या आत एक बसणारे. तेव्हा सगळ्याच जणी तसं करत होत्या. पितळ घासून हात जातात हो. कल्हईवाला यायचा बंद झाला होता. मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, उलट माळा मोकळा झाला म्हणून बरंच वाटलं होतं.

"असेल माळ्यावर," मी म्हणाले.

वन्सं पुढे गेल्या. पुढच्या कपाटात वजऱ्या होत्या, पाय घासायच्या, वर पशुपक्ष्यांच्या मूठी. मला वाटलं इथेही थांबतील. सासूबाईंची एक वजरी होती, छान, मोराची. पण वन्सं तिथे क्षणभरही थांबल्या नाहीत. भरभर मस्तानी महालाच्या दालनाकडे गेल्या.

हा महाल म्हणजे बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष. केळकरांनी ते इथे आणून पुन्हा उभे केले. झुंबर, आरसे, चित्रं. आत मंद उजेड. वन्सं बराच वेळ उभ्या होत्या. मला काही दिसत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे तो मोडवाल्याचा तराजू.

बाहेर पडलो ते ऊन्ह उतरायला लागलं होतं. महालातली मस्तानी पाहिली, आता पेल्यातली पाहू म्हणून सुजाताकडे गेलो. मस्तानी म्हणजे घट्ट दूध, त्यात आइस्क्रीम, वर पुन्हा आइस्क्रीमचा गोळा आणि सुकामेवा. आंब्याची घेतली. एक पेला दोघींना पुरला असता, पण वन्संनी वाटून घ्यायला नकार दिला. "जन्मभर वाटूनच खाल्लं. आज एकीला एक." मी चमच्याने खात होते आणि गोड लागत नव्हतं.

संध्याकाळी भरत नाट्य मंदिरात 'संगीत सौभद्र' होतं. ही संस्था १८९४ सालची. आणि नाटक त्याच्याही आधीचं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली रंगभूमीवर आणलं. तेव्हा सुभद्रेचं काम पुरुष करायचे, पुढे बालगंधर्वांनीही केलं. आता बायका करतात. कथा तुम्हाला ठाऊकच आहे. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलरामदादाने ठरवलंय दुर्योधनाशी, आणि कृष्ण आतून सगळी सूत्रं हलवतोय. सव्वाशे वर्षांहून जुनं नाटक, तरी घरातली ती गुपितं, ती लपवाछपवी, अगदी आपल्या घरात चालावी तशी. पदं सुरू झाली की पुढच्या रांगेतले म्हातारे माना डोलावत आणि ओठातल्या ओठात म्हणत. 'वन्स मोअर' आला की गाणारीने ते पद पुन्हा म्हणायचं, ही रीत अजून टिकून आहे.

मध्यंतरात बटाटेवडा. हे पुण्याच्या नाटकाचं अर्धं अंग आहे म्हणाना. घंटा व्हायच्या आत गरम वडा तोंडात कोंबायचा, जीभ भाजून घ्यायची आणि रुमालाला हात पुसत खुर्चीवर येऊन बसायचं. दौंडला वड्यांची काही कमी नाही, फलाटावर उभ्या जन्मात किती खाल्ले! पण तो वडा गाडी सुटायच्या धास्तीने खायचा. हा वडा नाटक सुटू नये म्हणून.

रात्री लॉजवर आलो. खोली स्वच्छ होती, पंखा तेवढा कुरकुरत होता. अंथरुणावर पडल्यावर मला राहवेना. मी सांगितलं.

"वन्सं, अडकित्ता नाही. मी मोडीत घातला. सगळंच घातलं."

वन्सं काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला एकदा विचारायचंस तरी." आणि दिवा मालवून कुशीवर वळल्या.

मला झोप लागली नाही. पुण्याला येऊन रडत झोपायचं, तर दवाखान्याच्या खेपा काय वाईट होत्या, असंही मनात आलं.

रविवारी पहाटे आम्ही पर्वती चढलो. शंभरावर पायऱ्या आहेत, पण रुंद आणि सावकाश, गुडघे दुखणाऱ्या बाईलाही बसत-उठत जमतील. वरचं देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. पानिपतानंतर १७६१ मध्ये ते इथेच वारले. वरून सगळं पुणं दिसतं. अर्ध्या वाटेवर वन्सं टेकल्या. मी शेजारी बसले. फिरायला आलेली माणसं शेजारून वर-खाली जात होती.

"वजरी माझ्याकडे आहे," वन्सं म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"आईची. मोराची. तेराव्याला मी ती पिशवीत घातली. म्हटलं, तुझ्याकडे मागितली तर तू देशील, पण मग भावजयीकडे मागितल्यासारखं होईल. आईचीच तर होती. नेली. तुला सांगितलं नाही."

आता मी काय बोलणार? वन्संना वाटलं असेल, फिट्टंफाट झाली. पण माझ्या मनात दुसरंच होतं, आणि ते मी त्यांनाही तिथेच, पायरीवर सांगितलं. वजरी सापडेना तेव्हा माझा वहीम कामवाल्या बाईवर गेला होता. तेराव्याच्या गर्दीत न्हाणीघरात तीच आत-बाहेर करत होती. मी तिला तोंडावर चोर म्हटलं नाही. पण महिना भरल्यावर "आता नको येऊस" म्हटलं. तिला कळायचं ते कळलं. नऊ वर्षं तिने आमच्याकडे काम केलं होतं. सासूबाईंचं सगळं तिने केलं होतं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

वन्संनी कपाळाला हात लावला. आम्ही वर गेलो, दर्शन घेतलं, उतरलो. कुणी फारसं बोललं नाही.

खाली येऊन दगडूशेठ गणपतीला गेलो. गर्दी म्हणजे काय विचारता. पण देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे मात्र जरूर बघा. तिथे भिडे वाडा होता. १८४८ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती त्या वाड्यात. वाडा पार मोडकळीला आला होता. कोर्टकचेरीत वर्षं गेली आणि २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला, तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं म्हणून. सावित्रीबाई शाळेला जाताना लोक शेण मारायचे आणि त्या जास्तीचं लुगडं बरोबर ठेवायच्या, ते याच रस्त्यांवर. वन्सं सातवी आहेत. मी मॅट्रिक. आमच्या सासूबाईंना सही येत नव्हती. पैसे मात्र त्या बरोबर मोजायच्या.

दुपारी लक्ष्मी रोडवर पूना गेस्ट हाउसमध्ये जेवलो. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली काढलेली ही खाणावळ. सिनेमा-नाटकातली पुष्कळ मंडळी इथे जेवलेली. आपल्याच घरचं जेवण, पण दुसऱ्याने वाढलेलं. एवढं वर्णन पुरे. ज्या बाईने तीस-चाळीस वर्षं वाढलंय तिला कळेल.

मग चितळ्यांची बाकरवडी. दुपारी एक ते चार दुकान बंद म्हणून पुण्याची जगभर थट्टा झाली. आता काही वर्षांपासून दुकान दुपारीही उघडं असतं, त्यामुळे थट्टा करणाऱ्यांची पंचाईत झालीय. वन्संनी दोन पुडे घेतले. मी तीन घेतले. "तिसरा कुणाला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सिव्हिल कोर्टला आम्ही निरोप घेतला. वन्संची रामवाडीकडची गाडी आणि माझी स्टेशनची, एकच. पण माझं स्टेशन आधी. उतरताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पुढच्या खेपेला मी वजरी घेऊन येते. तुझ्याकडे राहू दे." मी म्हटलं, राहू दे तुमच्याकडेच, निदान ती मोडीत जायची नाही. दारं लागली तेव्हा आतून वन्सं हसताना दिसल्या.

दौंडला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ह्यांनी खिचडी करून ठेवली होती. थोडी लागली होती, पण केली होती.

बाई नदीच्या अंगाला राहते हे मला माहीत होतं. एवढ्या वर्षांत बाजारात दोन-तीनदा समोरासमोर आलो होतो, दर वेळी मीच रस्ता बदलला होता. बुधवारी संध्याकाळी गेले. सुनेने दार उघडलं. बाई आत खाटेवर बसली होती, खूप वाळलीय. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की वजरी सापडली, घरातच होती, नणंदेकडे.

"सापडली का? बरं झालं," ती म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "पाणी दे बाईंना."

मी पाणी प्यायले. ती पुढे काही बोलली नाही. बाकरवडीचा पुडा तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, वास घेतला आणि म्हणाली, दात राहिले नाहीत आता. तेवढ्यात नातू शाळेतून आला, तिने पुडा त्याला दिला.